उदाहरणाचा पत्ता

मी मॅन्युअल लिहिते. यंत्र भिंतीला कसं लावायचं, कुठलं बटण किती वेळ दाबायचं, दिवा लागला नाही तर काय करायचं. ते कुणी वाचत नाही. हे रडगाणं नाही. कवींचंही तेच आहे, फक्त त्यांना तसं तोंडावर सांगायला लोक लाजतात. पण कवींच्या नशिबी नसलेलं एक भाग्य माझ्या लिखाणाला लाभलंय. लोक त्यातली उदाहरणं जशीच्या तशी उतरवून काढतात. ‘येथे आपले नाव भरा, उदा. अबक’ असं छापलं की शंभरातली वीस माणसं त्या दिवसापासून अबक होतात, आणि दोन वर्षांनी तक्रार करतात की आमच्या नावाने काहीच येत नाही.

आमची कंपनी एक डबा बनवते. हाताच्या पंजाएवढा, पांढरा, वर एक दिवा. शीतगृहात, औषधांच्या फ्रिजमध्ये, फुलवाल्यांच्या थंड खोलीत तो लावायचा. दर मिनिटाला तो इंटरनेटवरून निरोप धाडतो, की मी जागा आहे आणि इथे इतकी थंडी आहे. निरोप कुठे धाडायचा ते गिऱ्हाईकाने सांगायचं, म्हणजे आपल्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा पत्ता डब्यात भरायचा. हा पत्ता म्हणजे चार आकडे आणि मध्ये टिंबं. पलीकडच्या कॉम्प्युटरने ‘पोचलं’ असं उत्तर दिलं की डब्यावरचा दिवा हिरवा, नाहीतर लाल. एवढीच गोष्ट. ती सांगायला मला बावन्न पानं लागली, कारण साहेबांना बारीक मॅन्युअल हलकं वाटतं.

पान चौदा, पायरी सहा. ‘येथे आपल्या कॉम्प्युटरचा पत्ता भरा. उदा.’ आणि पुढे चार आकडे. ते आकडे मी इथे देणार नाही. दिले, की तुमच्यातलंच कुणीतरी ते कुठेतरी भरेल.

वास्तविक ही अडचण जगाने केव्हाच सोडवली आहे. इंटरनेटचे पत्ते वाटून देणाऱ्या शहाण्या मंडळींनी पत्त्यांच्या तीन छोट्या पट्ट्या बाजूला काढून ठेवल्या आहेत, नव्या वसाहतीत खेळायला मैदान सोडतात तशा. तिथे कुणालाच राहायला जागा मिळत नाही. ते पत्ते फक्त पुस्तकात, मॅन्युअलमध्ये, फळ्यावर शिकवताना वापरायचे. कुणी डोळे मिटून उतरवला तरी निरोप कुणाच्या दारात जाऊन पडत नाही. १९२.०.२.१० हा त्यातलाच एक. बघा, हा मी बिनधास्त लिहिला. खुशाल भरा, कुणाचं काही बिघडणार नाही.

आठ वर्षांपूर्वी पहिल्या आवृत्तीत मी तोच लिहिला होता. साहेबांनी पान चौदावर बोट ठेवलं.

“हे शून्य कशाला?”

“तो पत्ता तसाच आहे, साहेब. उदाहरणासाठी राखून ठेवलेला. तिथे कुणी राहत नाही.”

“कुणी राहत नाही म्हणजे कुणी उत्तर देणार नाही. म्हणजे आपला दिवा लाल!”

“लालच हवा ना. गिऱ्हाईकाला कळेल की आपला पत्ता भरायचा राहिलाय.”

“अहो, नवा डबा घरात आला आणि पहिल्याच दिवशी लाल दिवा? खरा वाटेल असा काहीतरी टाका. जरा भारदस्त.”

मी उभ्या उभ्या चार आकडे ठोकून दिले. आमच्या जुन्या घराचा नंबर, आईचं तेव्हाचं वय, माझ्या बसचा नंबर आणि माझ्या चपलेचं माप. तो पत्ता जगात कुणाचा तरी असणार, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. मला होतं. पाच वाजायला आले होते, मला घरी जायचं होतं, आणि साहेबांशी वाद घालायचा कंटाळा आला होता. गुन्हा म्हणतात तो बहुतेक वेळा असाच होतो, कंटाळ्यातून.

आठ वर्षांत डबा चांगला खपला. नंतर एका महिन्याच्या तीन तारखेला रिसेप्शनवरच्या बाईंचा फोन आला की एक गृहस्थ कागद घेऊन आलेत. आमच्याकडे कागद घेऊन येणाऱ्या कुठल्याही माणसाला माझ्याकडे पाठवायची पद्धत आहे.

गृहस्थ सत्तरीला टेकलेले, शर्ट इस्त्रीचा, आणि डोळ्याला लावायचं घड्याळजीचं भिंग कपाळावर तसंच राहून गेलेलं. त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

“ताई, हे डबे तुमचे ना? प्रत्येक निरोपात तुमच्या कंपनीचं नाव आहे, म्हणून शोधत आलो. सहा हजार तीनशे आहेत. दर मिनिटाला माझ्या दारात येतात आणि सांगतात की आत इतकी इतकी थंडी आहे. मी घड्याळं दुरुस्त करतो. मला त्या थंडीचं काय करायचंय?”

मी वरचा कागद पाहिला. मथळ्यात चार आकडे होते. घर, आई, बस, चप्पल.

“आणि एक,” ते म्हणाले, “तुमच्या सगळ्या डब्यांची घड्याळं चार सेकंद मागे आहेत. ते बघा एकदा.”

अठरा वर्षांपूर्वी त्यांच्या सुनेने त्यांना दुकानातल्या मेजाखाली एक कॉम्प्युटर लावून दिला होता आणि त्यावर एक फळा मांडून दिला होता. जुन्या घड्याळांचे सुटे भाग आता कुठे मिळत नाहीत. तर ज्याला एखादं चाक हवं असेल त्याने त्या फळ्यावर लिहायचं, ज्याच्याकडे ते असेल त्याने उत्तर द्यायचं. जगभरातले दोनशे अकरा घड्याळजी त्यावर यायचे. खरी नावं कुणाचीच ठाऊक नाहीत. एक ‘डावखुरा’, एक ‘दोन चष्मे’, एक ‘ठोकाचुकला’. फळ्यालाही नाव नव्हतं, नाव नंतर ठेवू म्हणता म्हणता राहून गेलं. सगळ्यांनी ते चार आकडे आपापल्या मेजाच्या कडेला पेन्सिलने लिहून ठेवले होते, बस.

“आता तुमचे डबे मिनिटाच्या ठोक्याला एकदम आत घुसतात,” घड्याळजी म्हणाले. “चाळीस सेकंद माझा फळा गुदमरतो. उरलेल्या वीस सेकंदांत जो शिरला तो शिरला. म्हातारी माणसं आहेत हो, हात कापतात, वीस सेकंदांत पासवर्ड पण होत नाही.”

मग त्यांनी पिशवीतून शेवटचा कागद काढला. इंटरनेटची लाइन देणाऱ्या कंपनीची नोटीस होती. आपल्या पत्त्यावर संशयास्पद वर्दळ आढळली आहे, पंधरा तारखेपर्यंत समाधानकारक खुलासा न आल्यास पत्ता काढून घेण्यात येईल.

“पत्ता गेला की ही माणसं गेली,” ते म्हणाले. “मी त्यांना कळवू कुठे? मला दोन ओळी लिहून द्या, ‘चूक आमची आहे.’ एवढंच.”

मी सांगून टाकलं. पान चौदा, साहेब, कंटाळा, सगळं. ते ऐकत होते. चिडतील असं वाटलं होतं, म्हणजे चिडावं असं मला वाटत होतं.

“म्हणजे तुमच्या आईंचं वय एक वर्षाने पुढेमागे असतं,” ते म्हणाले, “तर हे सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी दारात गेलं असतं.”

“हो.”

“मग ठीकच झालं. त्याला घड्याळातलं कळलं नसतं.”

दोन ओळींसाठी बैठक बोलावण्यात आली. बैठकीला साहेब, वकीलबाई, आणि विक्री सांभाळणारे गृहस्थ, ज्यांना सगळं ऑफिस पाठीमागे ‘मधाचं बोट’ म्हणतं. मी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि घडलं ते सांगितलं.

मधाचं बोट आनंदाने उभेच राहिले. “सहा हजार तीनशे! साहेब, म्हणजे डबे चालतायत! आठ वर्षं झाली, एकही बंद नाही!”

“ते चुकीच्या माणसाकडे चालतायत,” मी म्हणाले. “ज्या शीतगृहांचे हे निरोप आहेत, त्यांच्या मालकांना एकही पोचत नाही. आत बर्फ वितळला तरी त्यांना पत्ता नाही.”

“पण दिवा हिरवा आहे ना?”

“घड्याळजींचा कॉम्प्युटर सभ्य आहे म्हणून. जो येईल त्याला तो ‘पोचलं’ म्हणतो.”

“मग तक्रार कुणाची आहे? गिऱ्हाईकाची?”

“घड्याळजींची.”

“ते आपलं गिऱ्हाईक आहेत का?”

नव्हते. वकीलबाईंनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी समजावून सांगितलं की ‘चूक’ हा शब्द कंपनीच्या कागदावर येऊ शकत नाही. ‘दिलगिरी’ येऊ शकतो, पण कशाबद्दल ते लिहिता येणार नाही. मी विचारलं, कारण न लिहिता दिलगिरीचं पत्र कसं दिसेल? त्या म्हणाल्या, छान दिसेल.

मी राखीव पट्ट्यांचा विषय पुन्हा काढला. नव्या आवृत्तीत तिथला पत्ता द्यावा, जुन्या गिऱ्हाइकांना कळवावं. साहेबांनी विचारलं की या पट्ट्या कुणी राखून ठेवल्या आणि आपल्याला न विचारता कशा. वकीलबाईंनी विचारलं की त्या वापरायला परवानगी कुणाची. मी म्हटलं, कुणाचीच लागत नाही, त्या सगळ्यांसाठी आहेत. हे ऐकून तिघांचेही चेहरे पडले. जी गोष्ट सगळ्यांना फुकट मिळते आणि जिला सही लागत नाही, ती आमच्या कंपनीत आजवर कधी मंजूर झालेली नाही. मधाचं बोट म्हणाले, “आणि स्पर्धकही तेच आकडे छापतात म्हणे. मग आपलं वेगळेपण काय राहिलं?”

पत्ता सुधार समिती नेमून बैठक उठली. समिती म्हणजे तेच तिघे.

घरी आईला सांगितलं. आई आता पहिल्यासारखी ऐकत नाही, पण ऐकते ते नेमकं.

“म्हणजे दुसऱ्याच्या दारात कचरा टाकायचा,” ती म्हणाली, “आणि वर बैठक घ्यायची की वास कुणाला येतोय.”

“मी काय करू गं?”

“तू टाकलास ना? मग तू उचल. आणि माझं वय पुन्हा कुठे छापू नकोस.”

आठ तारखेला मी दुकानात गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची दहा बाय सात फुटांची खोली. मेजावर हिरवं कापड, त्याच्यावर काचेच्या वाट्या पालथ्या घातलेल्या आणि प्रत्येकीखाली एकेक उघडं घड्याळ. भिंतीवर चाळीस-एक घड्याळं, पण ठोका एकच ऐकू येत होता, इतकी ती एका वेळेला लावलेली. घड्याळजींच्या पत्नी, काकू, मागच्या स्टुलावर बसून पट्टे शिवत होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शिवत राहिल्या.

“पत्र आणलंत?” घड्याळजींनी विचारलं.

“समिती नेमलीय.”

काकूंनी दोरा दाताने तोडला. “आमच्या घरी पाहुणा आला आणि सांडलं, तर तो फडकं मागतो,” त्या म्हणाल्या. “समिती नाही नेमत.”

त्याच वेळी मिनिट भरलं. मेजाखालचा पंखा घरघरायला लागला. पडद्यावर ‘ठोकाचुकला’ काहीतरी लिहीत होता, त्याचं वाक्य अर्ध्यात थांबलं. ‘मला बारीक कमान हवी आहे, पण ती जर’ एवढंच. आम्ही तिघं चाळीस सेकंद त्या ‘जर’कडे बघत बसलो. मी तेव्हा रडले असते तर बरं झालं असतं, पण काकूंसमोर धीर झाला नाही.

समितीचा निर्णय अकरा तारखेला आला. मला बोलावून ऐकवण्यात आला, कारण त्यात मॅन्युअलचा संबंध होता.

“पेच सुटला,” साहेब म्हणाले. “चाळीस हजार मॅन्युअलं छापून बाहेर गेलीत. ती परत आणणं अशक्य. सहा हजार दिवे लाल होणं त्याहून अशक्य. तेव्हा बदलता येण्यासारखी गोष्ट राहते कुठली?”

मला खरंच कळलं नाही.

“घड्याळजी,” मधाचं बोट म्हणाले.

लाइनवाल्यांशी बोलणं झालं होतं. त्यांना संशयास्पद वर्दळीची फाइल बंद करायची होती, आमच्या लोकांना पत्ता हवा होता. पंधरा तारखेला पत्ता घड्याळजींकडून काढून आमच्या कंपनीला द्यायचा. तिथे एक कॉम्प्युटर बसवायचा, जो येईल त्याला ‘पोचलं’ म्हणायचं. लाइनवाल्यांच्या फॉर्मवर ‘वापराचे कारण’ असा रकाना होता. त्यात वकीलबाईंनी सुवाच्य अक्षरात भरलं होतं: उदाहरणासाठी राखीव.

“हवे होते ना तुम्हाला राखीव पत्ते?” साहेब म्हणाले. “घ्या. आता तुमचं पान चौदा बरोबर झालं.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण म्हणीतल्या लोकांना निदान फाशी देतोय हे तरी ठाऊक असतं. हे तिघे खरोखर खूश होते.

“त्या शीतगृहांच्या निरोपांकडे बघणार कोण?” मी विचारलं.

“दिवा आहे की.”

त्या दुपारी मी स्वतःच्या नावाने लाइनवाल्यांना पत्र लिहिलं. त्यात ‘चूक’ हा शब्द सात वेळा घातला. ते आकडे मी लिहिले, ते कुणाचे आहेत हे न तपासता लिहिले, घड्याळजींचा यात काडीचा दोष नाही, पत्ता त्यांचाच राहू द्या. मॅन्युअल लिहिणाऱ्या बाईचं आयुष्यातलं पहिलं पत्र, ज्यात एकही पायरी नव्हती. चौदा तारखेला उत्तर आलं. आपल्या प्रांजळपणाबद्दल आभार. तथापि तक्रार व्यक्तीविरुद्ध नसून पत्त्याविरुद्ध होती, आणि पत्ता आता सुरक्षित हाती जात असल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. प्रत माहितीसाठी आपल्या कंपनीस.

प्रत वाचून साहेबांनी मला काढलं नाही. काढलं तर नवी मॅन्युअलवाली शोधावी लागते. त्यांनी मला शिक्षा म्हणून तो पत्ताच दिला.

“इतकं प्रेम आहे त्या पत्त्याचं, तर तुम्हीच सांभाळा. तिथे फक्त मॅन्युअलची पानं ठेवायची, दुसरं काही नाही. आणि कारणाच्या रकान्यात जे लिहिलंय ते पाळायचं. तिथली प्रत्येक ओळ उदाहरण आहे हे दिसलं पाहिजे, नाहीतर लाइनवाले पत्ता परत घेतील. समितीच्या मंजुरीशिवाय अक्षर हलवायचं नाही.”

पंधरा तारखेला दुपारी बारा वाजता घड्याळजींचा फळा बंद झाला. मी त्या वेळी दुकानात जाऊ शकले असते. गेले नाही. ऑफिसात बसून बाराचे सव्वाबारा होताना पाहिले.

लाइनवाल्यांनी त्यांना नवा पत्ता दिला. फळा त्यावर आला, स्वच्छ, मोकळा, डब्यांची गर्दी नाही. पण बाकीचे घड्याळजीही नाहीत. दोनशे अकरा माणसं आपापल्या मेजाच्या कडेचे जुने आकडे भरत होती आणि त्यांना दिसत होतं आमच्या कंपनीचं चिन्ह आणि खाली बावन्न पानं.

तेव्हा मी बावन्नाची त्रेपन्न केली. परिशिष्ट, ‘जुन्या यंत्रांच्या सुट्या भागांबाबत मार्गदर्शन’. पायरी एक, आपण घड्याळांचे काम करत असल्यास पुढील पत्ता लिहून घ्या, उदा. अमुक अमुक. आणि पुढे घड्याळजींचा नवा पत्ता. आमचे डबे बिघडले तर त्यांचे भाग कुठे मिळतील याबद्दलच ते असणार असं समजून समितीने एका दिवसात मंजूर केलं. साहेबांनी ‘उदा.’ आहे का एवढं तपासलं. होतं.

पहिल्या आठवड्यात ऐंशी जण फळ्यावर पोचले. पुढच्या आठवड्यात सतरा. नंतर ओघ आटला. आमच्या कंपनीला मात्र वर्षातलं सर्वात जास्त भेट दिलेलं मॅन्युअल म्हणून कुठल्याशा संस्थेचं मानचिन्ह मिळालं. मिनिटाला सहा हजार तीनशे भेटी. साहेब ते घ्यायला गेले, आणि भाषणात म्हणाले की लोक वाचत नाहीत ही ओरड खोटी आहे.

मी दुकानात गेले ती एका रविवारी सकाळी. काकूंनी या वेळी स्टूल पुढे सरकवलं. घड्याळजी एक वही घेऊन बसले होते. दोनशे अकरा टोपणनावं एकाखाली एक, आलेल्यांपुढे बारीक खूण. एकशे चौदांपुढे नव्हती. त्यात ‘डावखुरा’ होता.

“ते परिशिष्टापर्यंत पोचतच नाहीत ताई,” ते म्हणाले. “पहिल्या पानावर तुमचं चिन्ह दिसतं आणि परत फिरतात. ‘दोन चष्मे’ काल आला. त्याने काय लिहिलं बघा.”

पडद्यावर लिहिलं होतं, ‘अहो, आम्हाला वाटलं तुम्ही गेलात. डावखुऱ्याने तर तुमच्यासाठी एक दिवस दुकान बंद ठेवलं म्हणे.’

घड्याळजींनी भिंग काढून पुसलं. “अठरा वर्षं एका जागी होतो. दार दुसऱ्याच्या नावावर दिसलं की माणूस गेला असंच धरणार, त्यांचं काय चुकलं? माझ्यासाठी दुकान बंद ठेवलं त्याने. आणि मी इथे बसून चहा पितोय.”

मी पुन्हा एकदा म्हणाले की चूक माझी आहे.

“ते झालं आता बोलून,” ते म्हणाले. “एक ओळ घालाल? पहिल्या पानावर, सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. ‘घड्याळजी जिवंत आहे.’ बाकी काही नको.”

सोमवारी ती ओळ मी समितीपुढे ठेवली. मंगळवारी वकीलबाईंचा शेरा आला: जिवंत असल्याचा पुरावा जोडला आहे काय? बुधवारी मधाचं बोट म्हणाले की ओळ छान आहे, माणुसकीचा स्पर्श आहे, पण यातून डब्याने माणूस मारला होता असं तर कुणाला वाटणार नाही? गुरुवारी साहेबांनी मंजुरी दिली, लाल शाईने एक छोटी दुरुस्ती करून.

मी तो कागद घेऊन थेट दुकानात गेले. म्हटलं, ही दुरुस्ती मी करणार नाही, तुमची ओळ आहे तशी टाकते, नोकरी गेली तर गेली. घड्याळजींनी कागद दिव्याखाली धरून वाचला, मग काकूंना दाखवला. काकू पहिल्यांदाच हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले.

“नोकरी घालवून काय करता?” घड्याळजी म्हणाले. “तुम्ही गेलात तर पहिलं पान पण जाईल. टाका तसंच.”

मी त्यांच्याच मेजाशी बसून टाइप केलं. पहिल्या पानावर, कंपनीच्या चिन्हाच्याही वर, बोटभर उंचीच्या अक्षरांत ओळ उमटली: ‘उदा. घड्याळजी जिवंत आहे.’ आणि शेजारी नवा पत्ता.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी घड्याळजींचा फोन आला, आवाज इतका मोठा की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. फळ्यावर डावखुऱ्याची एकच ओळ आली होती. त्यांनी ती मला दोनदा वाचून दाखवली.

‘उदा. मीही.’